गडग्याबाहेरची फांदी

सुलभा गडग्याशी बसली, की देवराईचा आवाज वाढतो. आवाज तेवढाच असतो. तिच्या गप्प बसण्यानं तो आपल्याला ऐकू यायला लागतो एवढंच. वाळक्या पानांवरून सरकणारा सरडा, जांभळीत भांडणारे बुलबुल, ओढ्यातल्या उरल्यासुरल्या डबक्यावर घोंगावणाऱ्या गांधीलमाश्या, आणि या सगळ्यांवरून, ओलं लुगडं झटकावं तसा, धनेशाच्या पंखांचा फडकारा. चैत्र सरत आला की ती येते. भोरहून स्कूटीवर, खिंड ओलांडून आमच्या वेल्ह्याच्या डोंगरात. तोंडाला पांढरा रुमाल, पायाशी कॅमेऱ्याची पिशवी, आणि तान्हं मूल गुंडाळावं तशी त्या पिशवीभोवती जुनी गोधडी.

भोरात तिच्या नवऱ्याचा फोटो स्टुडिओ होता. माझा रेशनकार्डाचा फोटो तिनंच काढला. ‘हसा जरा, मावशी,’ म्हणाली. मी म्हटलं, ‘हसून साखर जास्त मिळती व्हय?’ तिथून आमची ओळख. नवरा गेला, मोबाईल आले, माणसं आपले फोटो आपणच काढायला लागली. मग तिनं दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं आणि कॅमेरा घेऊन रस्ता धरला. भाटघरचं पाणी मागे सरलं की उघड्या पडलेल्या गाळावरची बगळ्यांची पावलं, उत्रोलीच्या भातखाचरांवर सकाळी पसरलेलं धुकं, तोरण्याच्या उतारावर उन्हाची सरकती कड, हे सगळं तिनं टिपून आणलं. जन्मभर डावा डोळा मिटून पाहिल्यामुळे त्या डोळ्याच्या कडेच्या सुरकुत्या उजव्यापेक्षा खोल आहेत. ती बोलत असली तरी तिचा एक डोळा वाट बघत असतो.

माझी सून तिला चिडवते. ‘काकू, पाखरं लग्नाच्या अल्बमची ऑर्डर देत्यात का?’

‘देत नाहीत,’ सुलभा म्हणते. ‘पण “मला गोरी करा” असंही म्हणत नाहीत.’

आमच्या घरामागे जननीदेवीची राई आहे. तिच्याभोवती रचलेल्या दगडांचा गडगा. आतलं काही बाहेर न्यायचं नाही. वाळकी काटकी नाही, पडलेलं फळ नाही. आत एका जुन्या बेहड्याच्या ढोलीत दर उन्हाळ्यात धनेशाची मादी स्वतःला लिंपून कोंडून घेते, आणि नर फटीतून तिला भरवतो. सुलभाला तो फोटो हवा होता. पण फोटो काढणं म्हणजे आतलं नेणं की नाही, हे गावात कुणाला ठरवता येईना. मग गुरवानं कौल लावला. देवीच्या दोन्ही खांद्यांना पाण्यानं फुलं चिकटवली. उजवं पडलं तर होकार. डावं पडलं.

‘परत लावू का?’ गुरव म्हणाला. ‘उजव्या फुलाला पानी जरा कमी लावतो. आई काय बोलायची न्हाई.’

आमच्याकडे असं चालतं. कितीतरी लग्नं अशीच जमली आहेत. सुलभा म्हणाली, ‘नको काका. नाही म्हणालीय ती. मला ऐकू आलं.’

मी तिला वेड्यात काढलं. ‘अगं, हितनं काढ की. लांबचं भिंग हाय ना तुज्याकडं? आई काय मागं वळून बघती व्हय?’

‘बाहेरून ओढलं तरी न्यायचं आतलंच ना, मावशी?’

 तिनं राईकडे पाठ केली आणि माझ्या बांधावरच्या वडाकडे तोंड करून बसली. वड गडग्याबाहेर. नर आधी तिथे उतरतो, लाल फळं गोळा करतो, एक फळ चोचीच्या टोकाशी धरून क्षणभर थांबतो आणि आत जातो. तो क्षण तिला हवा होता. नंतरच्या उन्हाळ्यांत कधी पाठ मिळाली, कधी शेपूट. मग तिचा उजवा हात थरथरायला लागला. वाढतच जाणार, असं डॉक्टरांनी सांगितलं. पूर्वी डोळ्यानं म्हणायच्या आत बोट दाबायचं. आता ते वाटेतच अडखळायला लागलं. ती थांबली नाही. कॅमेऱ्याला टेकू म्हणून मी भाताच्या कोंड्याची पिशवी शिवून दिली. गेल्या वैशाखात तीही पुरेना.

‘मावशी, बोट तुमचं द्या.’

‘माजं बोट शेणाचं हाय.’

‘धुवून या. मी “आता” म्हटलं की दाबायचं. आधी नाही, नंतर नाही.’

‘म्या काय तुजी नोकर हाय?’

‘आहात. भाकरी माझ्या डब्यातली खाताय.’

बसलो. सावली पायाखाली आली, करवंदाच्या जाळीतून गरम वास सुटला, तिचा हात मांडीवर एकटाच थरथरत राहिला आणि तिची मान मात्र दगडासारखी स्थिर. मग तो फडकारा. नर फांदीवर उतरला, फळ धरलं, मान वळवून त्यानं लालसर डोळ्यानं माझ्याकडे पाहिलं. ‘आता!’ सुलभा म्हणाली. मी त्याच्याकडे बघतच राहिले, आणि मग दाबलं.

फोटोत नुसती फांदी. ‘गेलं वाया. पूस,’ मी म्हटलं.

तिनं तो मोठा करून पाहिला, डावा डोळा मिटून. बांध, पानं, मागचा डोंगर, सगळं सुईसारखं लख्ख. फांदी तेवढी पुसट.

‘तुमचा हात हलला नाही, मावशी. फांदी हलतेय. आत्ताच गेलाय तो.’ कॅमेरा परत कोंड्यावर ठेवला. ‘बसा. येईल परत.’

आला नाही. मादीनं लिंपण फोडलं होतं. तिला भरवायची त्याची पाळी त्या उन्हाळ्यापुरती संपली. सुलभानं तो फोटो दुकानात नवरा-नवरींच्या जागी टांगला आहे. काय आहे यात, असं कुणी विचारलं की ती म्हणते, ‘धनेश.’ आणि त्या दिवशी जाताना मला बजावून गेली, ‘पुढच्या चैत्रात जरा लवकर दाबायचं.’

तोवर तिच्या हाताची थरथर कुठवर गेलेली असेल, ते मी विचारत नाही. माझं बोट आहे. कोंड्याची पिशवी फडताळात सपाट ठेवली आहे; तिच्यावर कॅमेऱ्याच्या वजनाचा खळगा पडला आहे, आणि झाडताना तो बुजू नये म्हणून मी पिशवीच्या कडेकडेनं हात फिरवते.