आईच्या आवाजात कोणीही बोलेल

मी एक जुनी साखळी आहे. गळ्यातली नव्हे, दाराची. बसा मित्रांनो, पण जरा लांब बसा. तुम्ही चांगल्या घरची मुले दिसता, तरी नुसत्या दिसण्यावर मी जात नाही. दार पुरते उघडायच्या आधी बाहेर कोण उभे आहे ते चार बोटांच्या फटीतून बघू देणे, हे माझे काम. जन्मभर हेच केल्यावर स्वभाव असा होणारच. समोरचा हसला की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो, हा का हसला?

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. पोलादी तारेचे तुकडे वाकवून कड्या केल्या, कडीत कडी अडकवून जोड पक्के केले आणि वरून पितळी मुलामा चढवला. म्हणजे माझे सोनेरी दिसणे वरवरचे आहे, हे आधीच सांगून टाकते. एका टोकाला चौकटीवर बसणारा तुकडा, दुसऱ्या टोकाला गोल गुंडी, आणि ती गुंडी सरकवायला दारावर खाच असलेली पट्टी. एवढाच माझा पसारा. तिथला कारागीर प्रत्येक साखळीला वजन टांगून झटका द्यायचा. माझ्या शेजारची तुटली, मी टिकले. त्याबद्दल कोणी शाबासकी दिली नाही. खोक्यात टाकले आणि वर झाकण लावले.

पुढे मी एका हार्डवेअरच्या दुकानात खिळ्याला लटकत होते. एके दिवशी एक बाई आल्या. डोळ्यांवर काळा चष्मा, डोक्याला रुमाल. वय फार तर पस्तिशीचे, पण आवाज सत्तरीच्या म्हातारीचा. "बाबा रे, दाराला लावायला काहीतरी भक्कम दे," त्या कापऱ्या आवाजात म्हणाल्या. माझ्या मनात तिथेच शंकेची पाल चुकचुकली. दुकानदाराच्याही चुकचुकली असावी. मला कागदात गुंडाळता गुंडाळता तो म्हणाला, "ताई, टीव्हीवर नकला करायच्या त्या तुम्हीच ना? एखादा आवाज काढून दाखवा की." बाईंनी नोट ठेवली, मला उचलले आणि सुटे पैसे न घेताच चालू लागल्या.

मित्रांनो, आमच्या बाई खरोखरच मोठ्या नकलाकार होत्या. पुढारी, मास्तर, रडके मूल, भांडखोर सासू, म्हणाल त्याचा आवाज हुबेहूब. लोक त्यांना रस्त्यात अडवायचे, दवाखान्यात अडवायचे, एकदा तर म्हणे स्मशानात अडवून एक आवाज मागितला. त्यांचे पहिले लग्न मोडले तेव्हा घरातली सगळी बोलणी शब्दन् शब्द छापून आली. ती पुरवणारी होती त्यांची जिवाभावाची मैत्रीण, कार्यक्रमाच्या आधी त्यांचे केस विंचरणारी. त्यानंतर बाईंनी काम सोडले, शहर बदलले, आणि नव्या घरात पहिला खिळाही ठोकण्याआधी मला दाराला बसवले.

ते माझे मानाचे दिवस होते. बाई मला मऊ फडक्याने पुसायच्या, खाचेत तेलाचा थेंब सोडायच्या. वर्तमानपत्रवाला, वीजवाला, इमारतीचा सचिव, सगळ्यांशी त्या माझ्याआडून बोलायच्या. बाईंना माझ्याशिवाय कोणी नव्हते, आणि खरे सांगते, मला ते आवडायचे.

मग एक माणूस येऊ लागला. कवळ्या बनवणारा. बाई दाढ बसवून घ्यायला गेल्या होत्या, तिथे ओळख झाली. दुसऱ्यांना हसरे दात करून देणारा हा गृहस्थ स्वतः मात्र क्वचितच हसायचा. दाराबाहेर उभा राहून फटीतूनच गप्पा मारायचा आणि आत घ्या असे कधी म्हणायचाच नाही. हे मला फारच संशयास्पद वाटले. किती तरी महिने मी त्याच्यावर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवली. एकदाही त्याने आवाज काढून दाखव म्हटले नाही. शेवटी बाईंनी स्वतःच मला बाजूला केले. त्यांचे लग्न झाले. पुढे एक मुलगी झाली. सारखी इकडून तिकडे पळणारी म्हणून तिला सगळे खारू म्हणतात.

खारू चालू लागली तेव्हा समोरच्या घरात पडदे शिवणारी एक बाई राहायला आली. गळ्यात सतत मापाची फीत, बोलणे मोजके आणि अगदी सपाट. ती खारूला गोष्टी वाचून दाखवायची तेव्हा वाघ, उंदीर आणि राजकन्या तिन्ही एकाच आवाजात बोलायचे, रेशनच्या दुकानात उभे असल्यासारखे. आमच्या बाई हसून हसून बेजार व्हायच्या. त्या म्हणायच्या, "जगात सगळ्यांचा आवाज काढला मी, पण तुझा नाही जमत बाई. तुझ्या आवाजात पकडायलाच काही नाही." शेजारीण म्हणायची, "बरंय." खारू तिला मावशी म्हणू लागली. दोन्ही घरांची दारे दिवसभर उघडी राहू लागली आणि मी चौकटीला नुसती लोंबकळत राहिले. धूळ बसली, गुंडी घट्ट झाली. कोणाचे लक्ष गेले नाही. माझे मात्र त्या शेजारणीकडे पुरते लक्ष होते. इतके साधे कोणी असते का?

आणि एक दिवस एका साप्ताहिकात फोटो आला. बागेत झोक्यावर खारू, मागे झोका देणाऱ्या आमच्या बाई, आणि वर मोठ्या अक्षरांत, 'आठवतात का या?' त्या दिवशी बागेत मावशीही होती. तिने फोनवर खारूचे भरपूर फोटो काढले होते.

"तिला विचार तरी," नवरा म्हणाला.

"विचारून काय कळतं?" बाई म्हणाल्या. "खोटं बोलणारी माणसं मी वर्षानुवर्षं केलीयत. खोटं कसं खरं वाटतं ते माझ्याइतकं कोणाला ठाऊक नाही."

"म्हणजे ती खरं बोलली तरी तुला खोटंच वाटणार."

बाईंनी तेलाची बाटली आणून माझी खाच मोकळी केली. संध्याकाळी शेजारीण शिवलेला पडदा घेऊन आली. बाई फटीतून गोड आवाजात म्हणाल्या, "घरात पाहुणे आलेत गं, नंतर ये." घरात कोणी नव्हते. शेजारणीने फटीतून एकदा आत पाहिले, पडदा दाराच्या कडीला अडकवला आणि "बरं" म्हणून गेली. मी अभिमानाने अशी ताठ झाले होते की काय सांगू.

त्यानंतर बाईंनी खारूची तालीम सुरू केली. बाई बाहेर जाऊन दार ओढून घ्यायच्या. खारूने स्टूल आणायचे, वर चढायचे, माझी गुंडी खाचेत सरकवायची आणि काही झाले तरी दार उघडायचे नाही. मग बाहेरून आवाज यायचे. कधी पोस्टमन, कधी शाळेच्या बाई, कधी हुबेहूब बाबा. खारू आतून ओरडायची, "जा तुम्ही." एकदा बाई आपल्याच आवाजात म्हणाल्या, "खारू, दार उघड, मी आई." खारूने आनंदाने दार उघडले, तर बाई रागावल्या. "आईच्या आवाजात कोणीही बोलेल. कळलं?" दुसऱ्या दिवशी त्या बाहेर उभ्या राहून हमसून हमसून रडल्या. खारूने दार उघडले नाही. तिला चॉकलेट मिळाले.

मला वाटले, वा, आता हे घर पक्के झाले.

मग तो दिवस आला. खारूला थोडी कणकण होती म्हणून ती शाळेत गेली नव्हती. बाईंनी गॅसवर दूध ठेवले आणि तेवढ्यात कचरा टाकून यावा म्हणून दोन मजले खाली गेल्या. दार नुसते लोटले होते. वाऱ्याचा झोत आला आणि दार धाडकन बंद झाले. ते एकदा बंद झाले की बाहेरून किल्लीशिवाय उघडत नाही, आणि किल्ली आत टेबलावर होती. दाराचा आवाज ऐकताच खारूने स्टूल ओढत आणले. गुणी मुलगी. तिने मला सरकवले.

बाई वर आल्या. "खारू, दार उघड गं. आई आहे."

"आई कचरा टाकायला गेलीय. जा तुम्ही."

बाईंना हसू आले. "शाब्बास. पण आज तालीम नाही. मी खरीच आहे."

"आई तालमीत पण असंच म्हणते."

"खारू, गॅसवर दूध आहे. दार उघड आधी."

"गॅसला हात लावायचा नाही आणि दार उघडायचं नाही."

आतून दूध उतू गेल्याचा चर्र आवाज आला. जळका वास आला आणि मग दुसराच एक वास पसरू लागला. दुधाने ज्योत विझली होती आणि गॅस चालूच होता. बाई दोन्ही हातांनी दार बडवू लागल्या. खारूची आवडती अंगाई म्हटली, ती जन्मली त्या दिवशीची गोष्ट सांगितली. मग त्यांना रडू फुटले. मित्रांनो, मी त्यांची सगळी रडणी ऐकली आहेत. हे खरे होते. मला ठाऊक होते, पण मला बोलता येत नाही.

"रडायचं पण नाटक येतं," खारू आतून म्हणाली. तिचाही आवाज आता घाबरला होता. पण ती स्टुलावरून हलली नाही.

आमच्या बाईंकडे शेकडो आवाज होते. त्यातला एकही त्यांना स्वतःच्या घरात घेऊन जाईना.

दारावरचे धक्के ऐकून समोरचे दार उघडले. शेजारीण बाहेर आली. एका हातात कात्री, गळ्यात फीत. कितीतरी दिवसांनी दोघी समोरासमोर उभ्या होत्या, मध्ये फट नव्हती.

"माझं ऐकत नाही ती," बाई म्हणाल्या. "गॅस चालू आहे. तू... तू बोल तिच्याशी."

शेजारणीने काही विचारले नाही. दाराला तोंड लावून म्हणाली, "खारू, मावशी. दार उघड."

स्टूल सरकले. "ही खरी मावशीच," खारू स्वतःशीच म्हणाली. "हा आवाज आईला पण जमत नाही." तिने गुंडी ओढली, मी खाचेतून सुटले, दार उघडले. शेजारीण आत धावली, गॅस बंद केला, एकेक खिडकी उघडली आणि खारूला उचलून दाराबाहेर आणले. बाई उंबऱ्याबाहेरच उभ्या होत्या.

खारूने कडेवरूनच त्यांच्याकडे निरखून पाहिले. मग मान वळवून विचारले, "मावशी, ही खरी आई आहे ना?"

मी पोलादाची आहे मित्रांनो, वजन टांगून तपासलेली. पण त्या प्रश्नाने माझी कडी न् कडी हलली.

"हो," शेजारीण म्हणाली, नेहमीच्याच सपाट आवाजात. "खरी आहे. मी ओळखते हिला. जा तिच्याकडे."

मग खारू गेली. बाईंनी तिला पोटाशी धरले आणि किती तरी वेळ सोडले नाही.

वास गेल्यावर बाई म्हणाल्या, "आत ये ना."

"आज येते," शेजारीण म्हणाली. "पण उद्या परत पाहुणे येणार असतील तर आजही नको."

"नाही येणार," बाई म्हणाल्या. "चुकलं माझं."

तो फोटो कोणी दिला ते आजवर कळलेले नाही. बाईंनी कधी विचारले नाही. मला विचाराल, तर माझा संशय अजून पुरता फिटलेला नाही, कारण तो माझा धंदा आहे. पण बाईंनी पुराव्याची वाट न बघता त्या शेजारणीला आत घेतले, आणि त्यानंतर या घरातले आवाज बदलले हे मला कबूल करावे लागते.

शिकवलेले विसरायला लावणे मात्र सोपे नव्हते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाई पुन्हा दाराबाहेर जाऊन उभ्या राहिल्या. किल्ली मुद्दाम नवऱ्याकडे देऊन. तो खारूच्या मागे गप्प बसून होता.

"खारू, मी आई. दार उघड."

"कशावरून?" आतून प्रश्न आला.

बाई म्हणाल्या, "कशावरूनच नाही गं. मी म्हणते म्हणून."

खारूने विचार केला. स्टुलावर चढून, मला खाचेत तशीच ठेवून, तिने दार चार बोटे उघडले, फटीतून आईकडे पाहिले आणि दार पुन्हा बंद केले.

बाहेर बाईंचे पाऊल मागे सरकल्याचे मला ऐकू आले. पण मित्रांनो, साखळीची एक गोष्ट बाहेरच्याला कधीच दिसत नाही. दार उघडे असताना मी ताणलेली असते, तेव्हा माझी गुंडी निघत नाही. मला काढायचे तर दार आधी पुन्हा लावावेच लागते. आत खारू जीभ दातांत धरून दोन्ही हातांनी माझ्याशी झटत होती, आणि मी आयुष्यात पहिल्यांदाच सरकायची घाई करत होते.

म्हणून जाता जाता एवढेच सांगते. मला अधूनमधून तेल घालत जा. कोण आहे म्हणून जरूर विचारा. आणि कधी कोणी तुम्हाला फटीतून पाहून दार लावून घेतले, तर लगेच पाठ फिरवू नका. जरा थांबा. आत कोणीतरी साखळी काढत असेल.