नीबियाचा घसा आणि मास्तरांची नळी

नीबियाचे टॉन्सिल पुन्हा सुजले, तेव्हा वाल्देमार मास्तरांनी कपाळाला हात लावला. मोंटेव्हिडिओच्या कार्निव्हलची गायनस्पर्धा तोंडावर आलेली, आणि निरोपाच्या गाण्यातली एकटीनं म्हणायची ओळ नेमकी हिच्याकडे!

"आणखी एकदा आजारी पडलीस ना, तर ती ओळ ग्रासिएलाला देईन," मास्तर करवादले. "प्रतिकारशक्ती म्हणून नाहीच तुझ्यात! मला बघ, उभ्या जन्मात घसा दुखला नाही." आणि लगेच मायेनं माटेचा, म्हणजे तिकडच्या कडू पाल्याच्या चहाचा, वाळक्या भोपळ्याचा पेला पुढे केला. आत कढत चहा, आणि तो ओढायला मास्तरांपासून ढोलवाल्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडात फिरणारी एकच नळी. नको म्हणणं म्हणजे मास्तरांचा अपमानच. नीबियानं मुकाट्यानं घोट घेतला.

डॉक्टरीणबाई मात्र हसल्या. "कमकुवत? अगं, साधी सर्दी होत नाही तुला! टॉन्सिल म्हणजे घशातली चौकी. तुझे पहारेकरी बाकीच्या चोरांना बरोबर धरतात, हा एकच जंतू त्यांना चकवतो. काहींचं शरीर असतं तसं. औषधानं तो मरतो, पण कुणाकडून तरी परत येतोय. एखाद्याच्या घशात तो गुपचूप राहतो, त्याला पत्ताही नसतो."

नीबियाला ती नळी आठवली, आणि मास्तरांचा कधीच न दुखलेला घसाही.

दुसऱ्या दिवशी तालमीत भोपळा तिच्यापाशी आला. "मला नको, मास्तर."

ढोल थांबला. "का गं? विष कालवलंय?" मास्तर गुरकावले.

"तुमचा घसा तपासून घ्या. काही निघालं नाही, तर ओळ खुशाल ग्रासिएलाला द्या."

"आत्ता जातो! मग बघतोच तुला!" मास्तर पाय आपटत गेले. परत आले ते पडेल चेहऱ्यानं, हातात गोळ्यांची पुडी. "माझ्याच घशात ठाण मांडून बसलाय मेला! पोरी, उगाच बोललो गं तुला." तेव्हापासून ज्याचा त्याचा भोपळा वेगळा. मास्तर आपला घेऊन रुसल्यासारखे कोपऱ्यात बसत.

स्पर्धेच्या संध्याकाळी नीबियानं ओळ उचलली. घशात ना काटा, ना खरखर. सूर असा मोकळा सुटला की मास्तर थांबायची खूण करायचंच विसरले. ती ताणत राहिली. ह्याच शरीराला आपण कमकुवत म्हणत होतो, असं वाटून तिचे डोळे भरले, पण आवाज तसूभर हलला नाही. समोर माणसं खुर्च्यांवर चढून ओरडत होती.