चेहरा बघायला कोणीतरी

शाळेच्या प्रयोगशाळेत सत्तावीस वर्षं बाटल्या विसळलेल्या बाईंना आम्लाची भीती नव्हती. सुट्टी लागताच त्या गालांवरचे वांगाचे डाग घालवायला त्वचेच्या दवाखान्यात गेल्या.

नर्सने ब्रशने चेहऱ्याला साल काढणाऱ्या आम्लाचं सौम्य द्रावण लावलं आणि छोटा पंखा तोंडासमोर धरला.

"चुरचुरतंय?"

"मुंग्या चावल्यासारखं."

"तीन मिनिटं. मी आहे इथेच." तिने बाईंच्या कपाळावरचे केस बोटांनी मागे सारले. असा हात शेवटचा कोणी लावला होता, ते बाईंना आठवेना. डोळे भरून आले.

"फार झोंबतंय का?"

"हो," बाई म्हणाल्या.

निघताना नर्सने बजावलं, "आठवडाभर उन्हात जायचं नाही, सुटलेली साल ओढायची नाही. घरी कोणी आहे ना? सूज आली तर बघणाऱ्याला आधी कळते."

"भाऊ आहे," बाईंनी ठोकून दिलं. भाऊ होता, पण दुसऱ्या गावात. आई गेल्यावर तिच्या सामानावरून दोघांचं बिनसलं, त्याला सहा वर्षं झाली होती.

तिसऱ्या दिवशी हनुवटीची साल सुटू लागली. नर्सचा फोन आला. "भावाला द्या जरा."

"बाहेर गेलाय."

"मग आल्यावर मला फोन करायला सांगा."

 बाईंनी भावाचा नंबर लावला.

"कोण?"

"मी. ताई."

त्याने पलीकडे टीव्हीचा आवाज कमी केला. "काय झालं?"

बाईंनी सगळं सांगितलं, थापेसकट.

"या वयात कसली थेरं," तो म्हणाला. मग, "सूज आहे?"

"मला काय कळतंय?"

"फोटो पाठव."

फोटो बघून तो म्हणाला, "डावा डोळा फुगलाय. नंबर दे तिचा, सांगतो."

नर्सने थंड पाण्याच्या पट्ट्या ठेवायला सांगितल्या. दुसऱ्या दिवशी बाईंनी आपणहून फोटो पाठवला. उत्तर आलं, "कमी आहे." नंतर रोज एक फोटो, रोज एखाददुसरा शब्द. तेवढ्यासाठी बाई सकाळी केस विंचरून खिडकीपाशी बसत.

आठव्या दिवशी साल पुरती निघाली. डाग निम्म्याने फिकटले होते. भावाने लिहिलं, "झालं मग. आता काळजी नको."

 दुपारी बाईंनी दवाखान्यात फोन केला.

"हवं असेल तर महिन्याने पुन्हा करू, असं डॉक्टर म्हणाले होते," त्या म्हणाल्या. "मला तारीख द्या."