शाळेजवळच्या विहिरीचा आकडा

स्वरदा पाच महिन्यांची झाली आणि मी पुन्हा नोकरीचे अर्ज भरायला बसले. सोबत छापून आलेला शोधनिबंध जोडायचा होता. माझ्या नावावर एकच होता, तोही तिघांत मिळून. विद्यापीठातले माझे मार्गदर्शक सुदर्शन सर, माझी मैत्रीण नौशीन आणि मी. वैजापूरकडच्या एका गावातल्या आठ विहिरींच्या पाण्याची तपासणी. तो छापून आला त्याच आठवड्यात स्वरदा झाली, त्यामुळं छापलेल्या रूपात मी तो पहिल्यांदाच वाचत होते.

तक्त्यावर येऊन थांबले. शाळेजवळच्या विहिरीत नायट्रेट सगळ्यात कमी, असं लिहिलं होतं. असं कसं? ती विहीर मला पक्की आठवत होती. वरच्या शेतांतलं खत पावसाबरोबर झिरपून तिच्यातच उतरतं. आठांत तीच सगळ्यात वाईट निघाली होती आणि मळ्यातली विहीर सगळ्यात चांगली, बाळांना चालेल अशी ती एकच.

मी माझ्याकडची मूळ फाइल उघडली. चूक कशी झाली ते लगेच दिसलं. जर्नलला विहिरींची नावं इंग्रजी अक्षरांच्या क्रमानं हवी होती. सरांनी नावांचा रकाना निवडून क्रम लावला, शेजारचा आकड्यांचा रकाना निवडायचा राहिला. नावं वरखाली झाली, आकडे होते तिथंच राहिले. प्रत्येक विहिरीसमोर भलत्याच विहिरीचा आकडा.

नायट्रेटनं मोठ्या माणसाला चटकन काही होत नाही. पण ज्या तान्ह्या बाळाला त्या पाण्यात पावडर कालवून बाटली देतात, त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहून न्यायची ताकद कमी होते. ओठ, नखं निळी पडतात. जीवही जातो. आणि त्या विहिरीवर आमच्याच निबंधाच्या जोरावर पाटी लागलेली: ‘संशोधनानुसार पाणी पिण्यास योग्य.’ पाटीशेजारी सर उभे आहेत असा फोटो विभागाच्या व्हरांड्यात आहे. मळ्यातल्या विहिरीवर लाल फुली मारली होती.

स्वरदा अंगावर पिते. शिवाय आम्ही शहरात, घरात फिल्टर. तरी मी तिला खिडकीपाशी नेऊन तिचे ओठ पाहिले. गुलाबी होते. थोड्या वेळानं परत पाहिले.

त्याच दुपारी मी गावातल्या अंगणवाडी सेविकेला, आशाबाईंना, फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. बाटलीवर असलेली लेकरं गावात आहेत, म्हणाल्या. मग म्हणाल्या, “बाई, पाटी तुमच्याच सरांनी लावली. आता तुम्ही म्हणता उलटं हाय. सरपंच मला येडी म्हणल. सरांचं लिहून आणा, उद्याच्या उद्या पाटी काढते.”

त्यांचं काय चुकलं?

मी स्वरदाला घेऊन विभागात गेले. सरांनी तक्ता पाहिला, माझी फाइल पाहिली. त्यांना समजायला माझ्यापेक्षाही कमी वेळ लागला, ते मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. ते उठले, दार लोटून घेतलं आणि स्वरदाच्या गालाला हात लावला. प्राध्यापकपदाची मुलाखत पुढच्या महिन्यात आहे, म्हणाले. ती होऊ दे, मग आपण व्यवस्थित दुरुस्ती पाठवू.

“सर, तोवर लोक पाणी पितायत.”

“अगं, विहिरी आठच, आकडेही आठच. एकही आकडा आपण खोटा लिहिलेला नाही. जागा तेवढ्या बदलल्यात.” मग जरा हसून म्हणाले, “तू आत्ता आई झालीयेस, सावनी. तुला सगळीकडं बाळंच दिसणार.”

घरी येऊन शंतनूला सांगितलं. तो म्हणाला, सरांच्या शिफारशीशिवाय तुला इथं कोण घेणार, जरा दमानं घे. नवरा म्हणून तो बरोबरच बोलत होता, आणि त्याचाच मला राग आला.

मी जर्नलला पत्र लिहिलं. तिकडून फार सभ्य उत्तर आलं. चूक कळवल्याबद्दल आभार. आमचं जर्नल प्रकाशनातली नीतिमत्ता अत्यंत गांभीर्यानं घेतं. मात्र नियमाप्रमाणं दुरुस्तीची विनंती मुख्य लेखकाकडून, सर्व लेखकांच्या सहीनिशी यायला हवी. मुख्य लेखक म्हणजे सर. मी पुन्हा लिहिलं की हा लहान मुलांच्या जिवाचा प्रश्न आहे. पुन्हा तेच उत्तर आलं, आभारासकट.

नौशीन आता एका कॉलेजात शिकवते, अजून कायम झालेली नाही. तिच्या निवड समितीवर सरच आहेत. तिला विचारायचीही मला लाज वाटत होती. तरी फोन केला. ती म्हणाली, “मेरेकू नको समझा यार, मी पण तिथं बाटल्या भरल्यात पाण्याच्या. भेज कागद.” तिनं सही केली. आम्हा दोघींच्या सह्या, मूळ फाइल आणि दोन्ही तक्ते शेजारी शेजारी ठेवून मी सगळं संपादकांना पाठवलं. या वेळी त्यांनी सरांकडं खुलासा मागितला.

त्यानंतर दिवसच्या दिवस काही नाही. मी मेल उघडायची, बंद करायची. स्वरदाला सर्दी झाली तरी नखं बघायची. मध्ये सरांची मुलाखत झाली, ते प्राध्यापक झाले. विभागाच्या ग्रुपवर अभिनंदनाची रांग लागली.

मग जर्नलचं पत्र आलं. लेखकांच्या विनंतीवरून हा निबंध मागे घेण्यात येत आहे. संकेतस्थळावर निबंधाच्या प्रत्येक पानावर आडवी लाल अक्षरं आली होती. कारण एका ओळीत: ‘तांत्रिक त्रुटी.’ कोणती त्रुटी, कोणत्या विहिरीचा आकडा कोणता, यातलं एक अक्षर नाही. खाली माझे खास आभार मानले होते, विज्ञानाची विश्वासार्हता जपल्याबद्दल.

सरांना दुरुस्ती नको होती, म्हणून त्यांनी निबंधच मागे घ्यायला लावला. दुरुस्तीत चूक कायमची छापली गेली असती.

तरी निबंध रद्द झाला, म्हणजे पाटी तरी उतरेल, असं मला वाटलं. मी तालुक्याच्या आरोग्य कार्यालयात फोन लावला. तिथल्या साहेबांनी शांतपणे विचारलं, तुमचा दावा कशाच्या आधारावर आहे? मी म्हटलं, त्याच तपासणीच्या. ते म्हणाले, “मॅडम, ती तर रद्द झाली ना? रद्द कागदावर मी काय कारवाई करू? ग्रामपंचायतीनं मागणी केली तर नव्यानं तपासू.” ग्रामपंचायत म्हणाली, पाटी आहे की, परत कशाला तपासायचं.

शेवटी मी तपासणीच्या पट्ट्या विकत घेतल्या, स्वरदाला छातीशी बांधलं आणि वैजापूरची एसटी धरली.

आशाबाई अंगणवाडीतच होत्या. चुलीवर पातेलं होतं. माझा फोन आल्यापासून बाटलीवरच्या लेकरांचं पाणी त्या स्वतः उकळून द्यायच्या. “लई उकळते,” त्या म्हणाल्या. “निम्मं आटवते, मगच देते.” सांगताना त्यांना बरं वाटत होतं. मी पातेलं चुलीवरून खाली उतरवलं. नायट्रेट उकळून जात नाही. पाणी आटलं की ते आणखी दाट होतं. हे मी त्यांना फोनवर सांगितलं नव्हतं. त्यांनी विचारलंही नव्हतं.

मी शाळेजवळच्या विहिरीच्या पाण्यात पट्टी बुडवली. ती गडद गुलाबी झाली, म्हणजे नायट्रेट भरपूर. डबीवरच्या रंगांशी लावून आशाबाईंना दाखवली. या वेळी त्यांनी सरांचं पत्र मागितलं नाही.

“चला मळ्यातल्या विहिरीवर,” मी म्हटलं. “तिचं पाणी द्या. ते चांगलं आहे.”

“ती कुठली आता?” त्या म्हणाल्या. “बुजवली की. उन्हाळ्याच्या आत नापास विहिरी बुजवायच्या म्हणून ठराव झाला. मुरूम टाकला वरून.”

आम्ही तरी तिथवर गेलो. कठडा नव्हता. सपाट जागेवर कुणीतरी कडबा रचून ठेवला होता.

परत येताना शाळेजवळच्या विहिरीवर जाहेदा भेटली. वीस-एकवीस वर्षांची पोरगी, कडेवर लहानसा मुलगा. आशाबाई म्हणाल्या, हे बाटलीवर हाय, हिला सांगा. मी सांगितलं. पाटी चुकीची आहे, उकळू नकोस, हे पाणी बाळाला देऊच नकोस. तिनं अडवलं नाही, वादही घातला नाही. तिनं माझ्या छातीशी झोपलेल्या स्वरदाकडं पाहिलं.

“तुमची बाटलीवर आहे का, बाजी?” मोठ्या बहिणीला म्हणावं तसं तिनं विचारलं.

“नाही. अंगावर पिते.”

“मला दूध उतरलंच नाही,” ती म्हणाली. “मग कुठलं देऊ?”

मी हमरस्त्यावरच्या हॉटेलाचं नाव घेतलं, तिथं बोअरचं पाणी आहे म्हणून. ते पाणीही मी तपासलेलं नव्हतं. तिनं मान हलवली. नवऱ्याला सांगते म्हणाली, गाडी असली तर आणेल. मग मुलाला आशाबाईंकडं दिलं, दोर सोडला आणि कळशी भरून घेतली.