सीट ३८-ई हिचे निवेदन

विषय : आसन क्रमांक ३८-ई याची बैठक उड्डाणात खचल्याबाबत, तसेच स्क्रीन न बिघडल्याबाबत.

संदर्भ : १) प्रवासी महिलेचा अर्ज. २) त्यास कंपनीचे उत्तर. ३) ते उत्तर मागे घेणारे दुसरे उत्तर.

उपरोक्त विषयी सादर करण्यात येते की, सादर करणारी मी स्वतःच आहे. मी सीट ३८-ई बोलतेय. या प्रकरणात माझ्याविषयी पुष्कळ लिहिलं गेलं, मला मात्र कोणी काही विचारलं नाही. वस्तूची साक्ष काढायची पद्धत नाही, हे मला मान्य आहे. पण माणसांनी दिलेल्या साक्षी वाचल्यावर गप्प बसवेना.

वाचल्या कशा, तेही सांगते. मी सध्या कंपनीच्या गोदामात पुरावा म्हणून पडून आहे. फाईल एकीकडे आणि पुरावा दुसरीकडे असं होऊ नये म्हणून गोदामाच्या कारकुनाने फाईलची प्रत माझ्याच पाठीवरच्या खिशात खोचून ठेवली आहे. नवा कागद आला की तो माझ्या खिशात येतो. त्यामुळे या प्रकरणाचा सगळा कागद वाचलेली कंपनीत मी एकटीच असेन.

माझा जन्म कारखान्यातला. आम्ही तिघी बहिणी, ड, ई आणि फ, एकाच सांगाड्यावर जोडलेल्या. मी मधली. मधल्या सीटला खिडकीही नाही आणि वाटही नाही, दोन्हीकडून फक्त कोपरं मिळतात. कारखान्यात माझ्यावर वाळूची पोती ठेवून आणि काढून, हजारो वेळा, माझी परीक्षा घेतली. पास झाले. माहितीपत्रकात माझं छायाचित्र छापलं, खाली लिहिलं, ‘घरच्यासारखा आराम’. ज्याने ते लिहिलं त्याचं घर मी पाहिलेलं नाही.

विमानात बसवल्यावर पहिली दोन वर्षं बरी गेली. मग कंपनीच्या कोणा हुशार माणसाने हिशेब मांडला आणि आमच्या विमानात एक रांग वाढवली. विमान काही लांब झालं नाही. प्रत्येक रांग चार बोटं पुढे सरकली. बसणाऱ्या माणसाचे गुडघे कुठे जातील, हा प्रश्न त्या बैठकीत निघाला नसावा, कारण बैठकीतल्या सगळ्यांच्या सीटा विमानाच्या नाकाकडच्या होत्या.

माणसं मी खूप पाहिली. च्युइंगगम चिकटवून वर साळसूदपणे हात पुसणारी. जेवणाचं ताट-टेबल बंद होईना तर गुडघ्याने ढकलणारी. उड्डाणाच्या वेळी माझा हात घट्ट धरणारी आणि विमान स्थिर झालं की तोच हात शेजाऱ्याच्या कोपराशी लढवणारी. त्यांचा मला राग नाही. बसायला मिळावं म्हणून पैसे मोजलेली माणसं आहेत, आणि त्यांना बसवणं हे माझं काम.

ते काम माझ्याकडून नीट झालं नाही. का झालं नाही, ते आता सांगते.

माझ्या गादीखाली एक जाड कापड ताणून बसवलेलं असतं. माणसाचा सगळा भार त्यावर. ते कापड एका बाजूने उसवलं. आमच्या तळावर एक जुने मेकॅनिक आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात. मामांनी मला उलटी करून पाहिलं आणि नवं कापड मागवलं. गोदामाने कळवलं, शिल्लक नाही. साहेबांनी सांगितलं, चिकटपट्टी लावा. मामांनी रुंद चिकटपट्टीचे पाच पट्टे मारले आणि नोंदवहीत लिहिलं, ‘तात्पुरते. एका फेरीपुरते.’ खाली सही, हुद्दा, वेळ. त्या एका फेरीवर कंपनीने माझ्या एकेचाळीस फेऱ्या मारल्या.

बेचाळिसाव्या फेरीला ती बाई आली.

चाळिशीची, खांदे रुंद, मनगटावर ठिणग्यांचे बारीक पांढरे डाग. बाजूला ३८-ड वर एक आजोबा होते, गुडघ्याचं ऑपरेशन झालेले, आणि बोलायला उत्सुक. त्यांनी विचारलं तसं तिने सांगितलं, की ती वेल्डर आहे. जहाजाच्या कारखान्यात नोकरी ठरली आहे, पण उद्या सकाळी आठ वाजता तिथे परीक्षा. पाइप जमिनीलगत पक्का बसवलेला असतो. उकिडवं बसून, मान वळवून, त्याच्याभोवती एक अखंड जोड मारायचा. हात केसभर हलला तरी भोक पडतं. नापास झालं की पुन्हा वर्षाने.

“आणि जमलं तर?” आजोबा म्हणाले.

“जमलं तर जोडाशेजारी आपला नंबर ठोकायचा,” ती म्हणाली. “उद्या फुटला तर कोणाचा ते कळायला हवं ना.”

आजोबांना हे फार आवडलं. म्हणाले, आमच्या कचेरीत असं असतं तर निम्मी मंडळी भिंतीकडे तोंड करून बसली असती.

उड्डाण सकाळचं, अकरा तासांचं. तिसऱ्या तासाला माझी पट्टी सुटली. एकदम नाही, एकेक पट्टा सुटत गेला, आणि बाई गादीसकट खाली गेली. खाली माझ्या सांगाड्याची लोखंडी नळी आहे, बरोबर माकडहाडाखाली येते. मी स्वतःला सावरायचा प्रयत्न केला असं लिहिलं तर बरं दिसेल, पण मी वस्तू आहे. कापड फाटलं की मी खचते.

मुख्य सेविका आली. गादी उचलून पाहिलं. विमान भरलेलं होतं. बाईने उभं राहून जाण्याची परवानगी मागितली, ती नियमात नव्हती. आजोबांनी आपली जागा देऊ केली, तर त्यांचा गुडघा पाहून बाईनेच नको म्हटलं. मग आजोबा सेविकेला म्हणाले, की मघाशी पाय मोकळे करायला ते पुढे गेले होते, पहिल्या वर्गात एक सीट रिकामी दिसली, तिच्यावर कोणाचा तरी कोट ठेवलेला आहे.

“आजोबा, ती त्या वर्गातली आहे.”

“म्हणजे कोट बसला तर चालतो. ही बसली तर विटाळ होतो.”

सेविकेने चार घोंगड्या आणून गादीखाली कोंबल्या. तासाभरात त्याही नळीच्या दोन्ही बाजूंना सरकल्या. कोट मात्र पहिल्या वर्गात अकराही तास आडवा पडून गेला.

आता या प्रकरणातली खरी गोष्ट. सेविकेच्या हातात नोंदीचं एक यंत्र असतं. त्यात बिघाडाची यादी आहे : दिवा, स्क्रीन, कर्णफोन, जेवण, इतर. बैठक त्या यादीत नाही. ज्याने यादी केली त्याला सीट म्हणजे बसायची वस्तू आहे हे सुचलं नसावं. ‘इतर’वर बोट ठेवलं, तर विमान उतरल्यावर तपासनीस आत येतो, सीट उघडतो, आणि परतीचं उड्डाण दोन तास लांबतं. लांबलं की जबाब सेविकेने द्यायचा. तीही कोणाची नोकरच.

ती बाईजवळ वाकली आणि हळू आवाजात म्हणाली, “ताई, मी स्क्रीन बंद असं टाकते. त्याची भरपाई लगेच येते. सीट लिहिलं तर महिने जातील.”

बाईचा स्क्रीन माझ्या अंगावर नव्हताच. तो पुढच्या ३७-ई च्या पाठीवर, आणि ठणठणीत चालू. त्यावर तेव्हा हिमशिखरं दिसत होती. पण बाईचा कंबरेखालचा भाग बधिर झाला होता आणि तिला एवढंच हवं होतं, की कुठेतरी काहीतरी लिहिलं जावं. तिने काचेवर बोटाने सही केली. जन्मभर स्वतःचा जोड तपासल्याशिवाय नंबर न ठोकणारी बाई, दुसऱ्याच्या जोडावर नंबर ठोकून गेली.

पुढचं तिच्या अर्जातून. दुसऱ्या दिवशी ती उकिडवी बसली ती उठूच शकली नाही. पाय थरथरले, पायांबरोबर हात. जोडाला दोन भोकं पडली. परीक्षक भला माणूस होता. त्याने सांगितलं, प्रवासात दुखापत झाल्याचं विमान कंपनीचं पत्र साठ दिवसांत आणलंस तर याच सत्रात फेरपरीक्षा देता येईल. जहाजाच्या कारखान्यानेही जागा तेवढेच दिवस राखून ठेवायचं कबूल केलं. म्हणून तिचा अर्ज चार ओळींचा आहे. तिने पैसे मागितलेले नाहीत. ‘सीटची बैठक उड्डाणात खचली व आठ तास दुसरी जागा दिली नाही, एवढे एक वाक्य लिहून द्यावे.’

पहिलं उत्तर आलं : आपणास चित्रपट पाहता न आल्याबद्दल कंपनी दिलगीर आहे. सोबत पुढच्या प्रवासात वापरायचे गुण दिले होते. ते गुण घेऊन तिने पुन्हा आमच्याच विमानात बसावं, अशी ती भरपाई.

तिने पुन्हा लिहिलं, स्क्रीन नव्हे, सीट. त्यावर दुसरं उत्तर : सदर स्क्रीन तपासला असता सुस्थितीत आढळला. सबब आपली सहीची तक्रार खोटी ठरते. गुण परत घेण्यात येत आहेत. सीटच्या बिघाडाची उड्डाणात कोणतीही नोंद नाही.

हे वाचून माझा सांगाडा कडकडला. नोंद नाही. मामांच्या वहीत माझा बिघाड आहे. पण ती वही देखभाल विभागाची, आणि तक्रार विभाग स्वतःचंच यंत्र पाहतो. दोन विभागांमध्ये एक जिना आहे. तो जिना चढायला कंपनीला अजून माणूस मिळालेला नाही. एक वाक्य लिहायला शाई किती लागते? पण वाक्य लिहिलं की ते कोणीतरी लिहिलेलं असतं, आणि तिथेच सगळ्यांचे हात आखडतात. गुण वाटताना कोणाचेही आखडले नाहीत.

भरपाई म्हणजे जे मोडलं ते भरून देणं, असं मला वाटत होतं. या बाईचं मोडलं ते माझ्यामुळे, आणि ते भरून निघायला कंपनीला एक ओळ खर्च करायची होती.

तिच्या दुसऱ्या अर्जानंतर मामांना कोणीतरी बातमी दिली. परतीच्या फेरीनंतर त्यांनीच आम्हा तिघींना सांगाड्यासकट उतरवून घेतलं होतं, आणि सुटलेले पट्टे तसेच राहू दिले होते. साहेबांनी त्यांना समजावलं, की दोन वर्षांत तुम्ही निवृत्त होणार, कशाला यात पडता. मामा म्हणाले, पट्टी मी मारली आहे, तिला हात लावून सांगतो की माझीच. मग त्यांनी वहीच्या त्या पानाची प्रत काढली, माझं उलटं छायाचित्र जोडलं, स्वतःचं निवेदन लिहिलं आणि जिना चढून स्वतः नेऊन दिलं. बाईलाही एक प्रत पाठवली. गोदामाचा कारकून म्हणाला, “मामा, पोच घेतलीत ना?” मामांनी खिशातून पोचेचा कागद काढून दाखवला.

बहिणी माझ्यावर चिडून आहेत. आम्ही धडधाकट असून तुझ्यामुळे गोदामात आलो, असं त्यांचं म्हणणं. ते खरं आहे. मला नवं कापड लावून पुन्हा चढवा, किंवा भंगारात घाला, माझी तक्रार नाही. फक्त त्याआधी कोणीतरी माझ्यावर येऊन बसावं. जो अधिकारी पत्रावर सही करणार आहे, त्याने दहा मिनिटं बसावं, एवढीच विनंती आहे. नळी कुठे लागते, ते त्याला यादीत शोधावं लागणार नाही.

सद्यःस्थिती : मेकॅनिकच्या निवेदनासह महिलेचा तिसरा अर्ज तक्रार विभागाकडे दाखल आहे. विभागाने तो अभिप्रायासाठी देखभाल विभागाकडे पाठवला असून देखभाल विभागाने तक्रार विभागाचा अभिप्राय मागवला आहे. आज साठांपैकी त्रेपन्नावा दिवस. अर्ज प्रलंबित.