पाटलाची कुदळ

वच्छलाबाईंनी कणगीत कमरेपर्यंत वाकून तळाची ज्वारी सुपात ओढली. सुपाचा कोपराही भरला नाही, आणि त्यातही निम्मी मातीच होती. त्यांनी सूप बाजूला ठेवले आणि ओसरीवर बसलेल्या नवऱ्याकडे पाहिले. खुशालराव पाटील अंगरखा-पागोटे घालून सकाळपासून तयार होते, पण जागचे हलत नव्हते.

"नत्थुजी कोतवाल दोनदा बलावून गेला जी. लोक उनात बसून राहिले."

"बसू दे."

गावाबाहेर, वलगावच्या वाटेवर, सरकारी तळ्याचे काम निघाले होते. यंदा पावसाने पाठ फिरवली होती. जो माती खणेल किंवा वाहील, त्याला संध्याकाळी घरापुरती ज्वारी मिळायची होती. पण कुदळीला कोणी हात लावेना. नव्या कामाची पहिली कुदळ पाटलाने मारायची, हा गावचा रिवाज. तो चुकला तर तळ्यात पाणी टिकत नाही, अशी गावाची ठाम समजूत. म्हणून पोटात कावळे कोकलत असतानाही माणसे पाटलाच्या वाटेकडे डोळे लावून बसली होती. उपाशी राहतील पण कोणाचा मान चुकवणार नाहीत, अशी ही माणसे. त्यांच्यावर रागवावे की त्यांना हात जोडावेत, कळत नाही.

पाटील का जात नव्हते, ते वच्छलाबाईंना ठाऊक होते. काही वर्षांपूर्वी कापसाला सोन्याचा भाव आला, तेव्हा गावाने अगदी दारापर्यंत कापूस पेरला. त्याच सुमारास अमरावतीहून मोरोपंत तहसीलदार आले. माणूस चणीने बारीक, पण चिकाटी अशी की मुंगळ्याने हार मानावी. कोणाला समजावून, कोणाला दरडावून त्यांनी घरोघरची थोडी थोडी ज्वारी जमा केली आणि जमिनीखाली मोठे पेव खणून त्यात भरून ठेवली. पाऊस काही सरकारचा नोकर नाही, असे ते म्हणत. खुशालरावांनी भरचावडीत त्यांची टर उडवली. पंतांना गावातल्या उंदरांची फार काळजी, म्हणाले. सारे गाव पोट धरून हसले होते. आता गाव जगणार होते ते त्याच पेवावर. असा माणूस आपल्या तालुक्याला लाभला, हे गावाचे भाग्यच म्हणायचे.

पाटलांना मात्र ते भाग्य गळ्याखाली उतरत नव्हते. पहिली कुदळ मारून सावलीत बसायचे, तर मान राहील पण घरात दाणा येणार नाही. आणि चार माणसांबरोबर माती खणायची, तर ज्या ज्वारीला हसलो तिच्यासाठीच सगळ्यांदेखत पदर पसरायचा. गेले काही दिवस ते चावडीवर खाऊन आलो म्हणून सांगत आणि ताटावरून उठत. चावडीवर कोणाकडे काय खायला होते, ते बाईंना चांगले ठाऊक होते.

ऊन कलायच्या आधी मोरोपंत स्वतःच दारात आले. वच्छलाबाई दाराआड झाल्या. कामाची रोजी कामानंतरच, असा वरून हुकूम असल्याचे पंतांनी सांगितले. तुम्ही आला नाहीत, तर आज गावात चूल पेटायची नाही, असेही म्हणाले.

खुशालराव उठून उभे राहिले, पण त्यांची नजर जमिनीवरून हलेना.

"त्या साली मी तुमाले हसलो होतो, पंत. आता कोन्या तोंडानं येऊ?"

पंतांनी पागोटे काढून घाम पुसला.

"माझे सासरे नांदगावचे. ज्वारी मागायला गेलो, तर त्यांनी मला दारातूनच परत पाठवलं. तुम्ही हसलात खरे, पण ज्वारी दिलीत. चला."

आत वच्छलाबाईंना हसू आले आणि लगेच डोळेही भरून आले. पाटलांनी पायात वहाणा घातल्या. त्यांच्या मागोमाग, थोडे अंतर ठेवून, बाईही रिकामी टोपली घेऊन निघाल्या.

तळ्याच्या जागी नारळ फुटला. खुशालरावांनी पहिली कुदळ मारली आणि लोक मोकळ्या मनाने उठले. रिवाजाप्रमाणे नत्थुजी कुदळ घ्यायला पुढे झाला. लिंबाखाली पाटलांसाठी घोंगडी अंथरलेली होती. खुशालरावांनी घोंगडीकडे पाहिले, अंगरखा काढून नत्थुजीच्या हातात दिला आणि पुन्हा कुदळ उचलली. पंत मुद्दाम पाठ फिरवून दुसऱ्याच माणसाशी बोलत राहिले.

पाटलांच्या पायाशी मातीचा ढीग झाला. तो उचलायला कोणाला धीर होईना. पाटलाच्या घरच्या बाईने तोवर कधी कामावर पाऊल ठेवले नव्हते, आणि चारचौघांत नवऱ्याशी बोलणे तर दूरच राहिले. वच्छलाबाईंनी पदर कमरेला खोचला, गर्दीतून वाट काढली आणि टोपली त्यांच्यापुढे ठेवली.

"भरा जी."

खुशालरावांनी मान वर केली नाही. ते हातांनी माती ओढून टोपली भरू लागले. अर्धी झाल्यावर थांबले. टोपलीच्या वजनाचा अंदाज घेतला आणि त्यातली दोन ओंजळी माती परत काढली.