दोन बोटं सैल

टेलरमास्तरांचा उभ्या जन्माचा एकच दंडक होता : कपडा मापापेक्षा दोन बोटं सैल हवा. "श्वास माणसाला घ्यायचा असतो, कपड्याला नाही," असं ते गिऱ्हाइकाला सुनवायचे, आणि गिऱ्हाईक निमूट घरी जायचं.

म्हणूनच नदीकाठी गाईडबाईंनी मास्तरांच्या बायकोच्या लाइफ जॅकेटचे पट्टे गुडघा टेकवून कचकचून आवळले, तेव्हा त्यांचा जीव कळवळला. लग्नाला तीस वर्षं झाली म्हणून मुलीने हट्टाने दोघांना एका दिवसासाठी इथे राफ्टिंगला आणलं होतं. दोन्ही काठांना किर्र जंगल, पाण्यावर ओणवलेल्या वेली, आणि उकाडा असा की उभ्याउभ्या घामाच्या धारा.

"कुणी पाण्यात पडलं तर हात धरू नका," गाईडबाई सांगत होत्या. "ओला हात निसटतो. जॅकेटचे दोन्ही खांदे धरायचे आणि अंग मागे झोकून द्यायचं. माणूस आपोआप होडीत येतो."

"आई आत आली तर आपण तिघं बाहेर!" मुलगी म्हणाली.

"जिभेला हाड आहे का तुझ्या?" आईने दटावलं. सकाळचा राहिलेला जप ती पुटपुटत होती. मधेच थांबून हळूच नवऱ्याला म्हणाली, "अहो, छातीत कोंडल्यासारखं होतंय."

गाईडबाई होडीकडे वळल्या होत्या. मास्तरांनी सराईत हातांनी पट्टे ढिले केले, आत दोन बोटं घालून पाहिली. नेमकी बसली.

"आता?"

"आता कसं मोकळं वाटतंय."

पहिले दोन खळाळ हसण्याओरडण्यात गेले. तिसऱ्याला रबरी होडीचं नाक काळ्या खडकावर चढलं, मागची बाजू खाली गेली, आणि मास्तरांच्या शेजारची जागा रिकामी झाली. साधी किंकाळीसुद्धा नाही.

मग ती दिसली. होडीपासून हातभर अंतरावर. पांढरं हेल्मेट, नारिंगी जॅकेट. आपलं डोकं इतकं शांत कसं, याचं मास्तरांनाच नवल वाटलं. हात नाही, खांदे. त्यांनी दोन्ही मुठींत खांदे धरले आणि सगळं अंग मागे झोकून दिलं.

ते होडीत उताणे पडले. छातीवर जॅकेट होतं. पट्टे जागच्या जागी, बकलं लागलेली. आत कुणीच नव्हतं.

मास्तर बघत राहिले. मग अस्तर तपासावं तसं त्यांनी जॅकेट उलटं करून आत पाहिलं. मुलगी "आई! आई!" करून किंचाळत होती, ते त्यांना फार लांबून ऐकू येत होतं. गाईडबाईंनी दोरी फेकली. पुढच्या वळणावर पांढरं हेल्मेट वर आलं, बुडालं, पुन्हा वर आलं, आणि एका हाताने दोरी पकडली.

काठावर ती पालथी पडून पाणी ओकत होती. मास्तर जॅकेट कवटाळून उभे होते.

"पट्टे मी स्वतः आवळले होते," गाईडबाई म्हणाल्या. "सैल कुणी केले?"

"मीच," बायको धापा टाकत म्हणाली. "मेलं मलाच सोसवेना."

मुलीचं लक्ष वडिलांच्या हाताकडे गेलं. पट्ट्याच्या आत त्यांची दोन बोटं अजून तशीच होती.

"मी केले," ते कसेबसे म्हणाले. "मी."

परतायला नदीखेरीज दुसरी वाट नव्हती. "घाला त्यांना," गाईडबाई म्हणाल्या. "तुम्हीच घाला."

मास्तरांनी पट्टा ओढला. आत एक बोट जात होतं. पुन्हा ओढला. नख जात होतं. पुन्हा ओढला.

"अहो, पुरे. श्वास कोंडतोय."

"कोंडू दे," मास्तर म्हणाले, आणि तिचा श्वास चाललाय ना, हे बघत पट्ट्याचं टोक मुठीत धरून होडीत बसले.